फ्रिजमधली ओली माती

१९ ऑगस्ट, मंगळवार

चिखल मिळाला! मिळाला, मिळाला, मिळाला!

अळणावरहून येताना बसमध्ये मांडीवर थर्मोकोलचा डबा. डब्यात बर्फ, बर्फात बाटल्या, बाटल्यांत सटवाजींच्या भातशेतातला काळाकुट्ट चिखल — आणि मी एकटीच खुदुखुदु हसतेय. शेजारच्या बाईनं विचारलं, "एन ऐत्री अदराग?" काय आहे म्हणे त्यात. मी म्हटलं, "मण्णरी." माती आहे हो! ती सरकून पलीकडे बसली. बरंच झालं, डब्याला जागा झाली.

सटवाजी म्हणजे सोन्यासारखा माणूस. त्यांच्या भाताची पानं तांबूस पडलीत, रोपं खुजी राहिलीत. पाणी काढलं की रोपं जरा उभारी धरतात, म्हणून कधीपासून बांध फोडायचाय त्यांना. पण माझ्यासाठी थांबले! "घ्या अक्का तुमचा चिखल. तुमचं झालं की मग मी पाणी सोडतो." पाण्यात उकिडवी बसून बाटल्या भरल्या, पाण्याखालीच झाकणं लावली. हवेचा बुडबुडासुद्धा आत जाता कामा नये. हवा लागली की संपलं.

सगळी गंमत त्यातच तर आहे! भात आठवडेच्या आठवडे पाण्यात उभा. खालच्या मातीत हवा नाही. हवा नसली की मातीतलं जस्त दडून बसतं, मुळांच्या हाती लागत नाही. आणि आपण काय करतो? ती माती आणतो, वाळवतो, कुटतो, चाळतो, मग मोजतो — आणि सांगतो, जस्त भरपूर आहे! अहो, भात काय वाळलेल्या मातीत उभा असतो? माझं म्हणणं एवढंच, की ओली मोजा. आहे तशी मोजा. मग त्याच शेताची वाळवून मोजा आणि शेजारी शेजारी ठेवा.

बाळाचार्य सर — माझे गाइड — हे ऐकलं की चष्मा पुसायला घेतात. परवा म्हणाले, "दीपश्री, पुस्तकातलं मला सांगू नकोस. आपल्या मातीत फरक पडतो हे दाखव. चार सप्टेंबरला कमिटी आहे. दाखवलंस तर पुढे जा, नाहीतर विषय बदल."

दाखवते! सटवाजींच्या चिखलाची शप्पथ, दाखवते!

२० ऑगस्ट, बुधवार

जस्त मोजायच्या मशीनमधला झिंकचा दिवा गेला. गेला म्हणजे गेलाच. तो नाही तर मोजणी नाही. मशीन सांभाळणारा मुकुल म्हणाला, "दोन मिनिटं शांत उभे राहू या." मी त्याला डस्टर फेकून मारलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज डिपार्टमेंटच्या फ्रिजनंही मान टाकली! मग काय, बाटल्या उचलल्या आणि थेट घरी, नवनगरला. दह्याचं पातेलं खाली, कोथिंबीर दारात, मधल्या कप्प्यात माझी रत्नं.

अप्पा टेबलाशी पेपर वाचत होते. अप्पा म्हणजे निवृत्त माती-तपासणी अधिकारी. नोकरीभर एकच काम केलं — शेतकऱ्यांची माती तपासून रिपोर्ट द्यायचा. अळणावरचा सगळा भाताचा पट्टा त्यांच्याचकडे होता. अजूनही कुणाच्या कुंडीतली माती दिसली की चिमटीत धरून बघतात. आई म्हणते, हे मुलगी बघायला आले तेव्हासुद्धा यांनी आधी अंगण बघितलं.

फ्रिजमध्ये डोकावून म्हणाले, "ओलीच ठेवलीस?"

"हो अप्पा, सांगते नंतर!" म्हटलं आणि पळाले. बंगळूरला फोन करायचा होता, दिव्यासाठी.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज घरात महाभारत!

सकाळी आई माझ्या खोलीच्या दारात. कमरेवर हात. "दीपे, खरं सांग. फ्रिजमध्ये अंडी ठेवलीस?"

मी अंथरुणात उठून बसले. आमच्या घरात अंडी! केकसुद्धा विचारून घेतात इथे!

"आई, तो चिखलाचा वास आहे. हवा नसली की मातीतल्या गंधकाचा..."

"गंधकबिंधक मला शिकवू नकोस. वरच्या गोदूबाईंनी काल विचारलं — वैनी, तुमच्यात आता चालतं वाटतं सगळं? मी काय सांगू त्यांना? बुधवारी गणपती. याच फ्रिजात नैवेद्याचं सारण ठेवायचं मी?"

अप्पा पेपरामागे हसत होते. पेपर हलत होता!

दिवा कुरिअरनं सणानंतर येईल म्हणे. म्हणजे कमिटीच्या दारात. ते काही नाही, आज निघून बंगळूरला जाते, स्वतः घेऊन येते. मैत्रिणीकडे, स्वातीच्या घरी राहीन. मुकुल म्हणाला, "दिव्यासाठी बंगळूर? माझ्यासाठी कोप्पीकर रोडपर्यंतसुद्धा आली नाहीस कधी." म्हटलं, तू नाही ना जस्त मोजत!

गाल गरम झाले होते पण. लिहून ठेवते, कुणी वाचत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

बंगळूर. दिवा मिळाला! केवढासा आहे. ओढणीत गुंडाळून तान्ह्या बाळासारखा धरलाय. स्वाती म्हणते, तुझं लग्न कठीण आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हसू की रडू?

सकाळी घरी आले. फ्रिज उघडला. लखलखीत! लिंबाचा वास. मधल्या कप्प्यात सारणाचा डबा.

"आई, माझ्या बाटल्या?"

आई गालात हसली. "अप्पांना विचार. तुझ्यासाठी केलंय काहीतरी."

अप्पांनी हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. टेबलावर स्वच्छ पिशव्यांची रांग. प्रत्येकीवर त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात शेत, प्लॉट, तारीख. आत माती. पिठासारखी. वाळवलेली, कुटलेली, चाळलेली.

"पंख्याखाली वाळवली," अप्पा म्हणाले. "उन्हाचा झोत लागू दिला नाही. लाकडी मोगरीनं कुटली. आणि पितळेची चाळणी नाही हं वापरली! पितळेत जस्त असतं. नायलॉनची आणली. तू धावपळीत होतीस. म्हटलं, एवढं तरी करू या पोरीसाठी."

आई मागून म्हणाली, "जेवायलासुद्धा बसेनात. माती राखत बसले होते."

अप्पांचा चेहरा असा उजळलेला, बारावीच्या माझ्या रिझल्टला होता तसा. आणि मला एकदम हसू फुटलं. मग हसता हसता रडू. जमिनीवरच बसले. आई घाबरली, पाणी आणलं.

मग सांगितलं सगळं. ओलीच मोजायची होती. हवा लागू द्यायची नव्हती.

अप्पा खुर्चीत बसले. "ओली मोजतात?" एवढंच म्हणाले. मग हळूच, "मी विचारायचं तरी."

"मी सांगायचं तरी, अप्पा!"

खरंच, चूक माझीच. मला वाटलं मातीतलं अप्पांना काय सांगायचं. त्यांना वाटलं मातीतलं आपल्याला काय विचारायचं. माती म्हटली की आधी वाळवायची, हे या घरात मीठ-पाण्याइतकं ठरलेलं!

सटवाजींना फोन लावला. "वरच्या दोन्ही प्लॉटांतलं पाणी सोडलं की अक्का. तुम्हीच म्हटला झालं म्हणून. खालच्यात हाय पाणी अजून. उद्या दुपारी फोडणार बांध."

मी अशी किंचाळले की गोदूबाई जिन्यात आल्या. "नका फोडू! गणपतीची शपथ, नका फोडू!"

अप्पा उठले. "उद्या मी येतो. चिखल मी वाळवला, मीच आणून देतो."

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बाप्पा मोरया!

इतक्या पहाटे आमच्याकडे कधी गणपती बसला नसेल. अप्पांनी प्राणप्रतिष्ठा केली, आरती अशी म्हटली की आईच्या टाळ्या मागे पडल्या. आई धुमसत होती. "नैवेद्याच्या दिवशी चिखलात जातंय का कुणी? साकु, पुरे झालं तुमचं आता, बापलेकीचं!" पण डब्यात मोदक घालून दिले. सटवाजींच्या घरच्यांना वेगळे बांधले.

बसमध्ये अप्पा खिडकीशी. सोवळ्यातून नुकतेच निघालेले, कपाळाला गंध, मांडीवर थर्मोकोलचा डबा. मला इतकं हसू येत होतं!

शेतावर पोचलो. पाणी होतं! खालच्या प्लॉटमध्ये पाणी होतं! मी बांधावर नाचले, खरंच नाचले. सटवाजी म्हणाले, "असू दे, असू दे, पाय घसरंल."

अप्पांनी पँट दुमडली. त्यांच्या पांढऱ्या पोटऱ्या मी पहिल्यांदाच पाहिल्या असतील. पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत! एक चप्पल गेली ती गेलीच. खालून बुडबुडे आले आणि तो वास. अप्पा वाकले, मूठभर चिखल वर काढला, नाकाशी धरला.

"हा वास मला माहीतच नव्हता," म्हणाले. "माझ्याकडे माती यायची ती पिशवीतनं. वाळलेली."

सटवाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. "साहेब, तुम्ही? ओळखलंच नाही की पँट दुमडल्यावर! अहो, तुम्हीच रिपोर्ट दिल्ता आम्हाला. जस्त भरपूर हाय, घालायला नको. सगळ्या गावाला दिल्ता. तेव्हापासून चिमूटभर घातलं नाही बघा कुणी!" आणि खो खो हसले. अप्पाही हसले.

मी बाटल्यांत गुंतलेले. एकीत बुडबुडा शिरला, ती ओतून परत भरली. अप्पांना हाक मारली तर ते तिथंच, पाण्यात हात घालून उभे. बराच वेळ. मला वाटलं चप्पल शोधतायत.

परत आलो तेव्हा अप्पा अनवाणी, मी चिखलानं माखलेली. आईनं दारातच अडवलं. मागच्या नळावर आंघोळ, मग आत. मोदक अकरा खाल्ले मी. आई म्हणाली, नजर लागेल. कुणाची, चिखलाची?

२८ ऑगस्ट, गुरुवार

अय्यो! अय्यय्यो! यप्पा!

आधी हे लिहिते — ओल्या मातीत जस्त जवळजवळ नाहीच!

नीट लिही दीपश्री, नीट.

नवा दिवा बसवला. मुकुलनं नारळ फोडायचं तेवढं बाकी ठेवलं. ओल्या बाटल्या उघडल्या उघडल्या द्रावणात घातल्या, हलवल्या, गाळल्या. मग अप्पांनी वाळवलेली त्याच प्लॉटची माती. भाताला पुरेसं म्हणायचं तर आकडा शून्य पॉइंट सहाच्या वर हवा. आधी कोरडी लावली. एक पॉइंट दोन! दुप्पट! म्हणजे रिपोर्ट काय निघणार? भरपूर. मग ओली लावली.

शून्य पॉइंट दोन.

मुकुल म्हणाला, "परत लावू." परत शून्य पॉइंट दोन. दुसरी बाटली. तेच. तिसरी, तेच! एकाच शेताची, एकाच जागेची माती! एका अवतारात पोट भरलेलं, दुसऱ्यात उपाशी!

मी स्टूलवर उभी राहिले. मुकुल म्हणाला, उतर, तिकडे अ‍ॅसिड आहे. उतरले आणि त्याला मिठी मारली. मारली! मग दोघंही मशीनकडे बघत उभे राहिलो, जसं काही मशीनच बोलणार होतं.

गाड्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं. मिरच्या तीन. डोळ्यांतून पाणी, ते मिरचीचं की कसलं कोण जाणे. सरांना सांगितलं. सरांनी चष्मा पुसला नाही! काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "कोरडी इतकी स्वच्छ कुणी तयार केली?"

"माझ्या अप्पांनी!"

"मग कुणी बोट ठेवू शकणार नाही," सर म्हणाले.

म्हणजे तो गोंधळ नव्हताच! अप्पांनी वाळवली म्हणून तर दोन्ही शेजारी शेजारी आली, आणि इतकी चोख! घरी उड्या मारत आले, फेडे — इकडचे पेढे — घेऊन. अप्पांच्या तोंडात फेडा कोंबला. "अप्पा, भाताची वाळवलेली माती खोटं बोलते! साफ खोटं!"

अप्पांनी विचारलं, "कोरडी किती म्हणालीस?"

"एक पॉइंट दोन."

"आणि ओली?"

सांगितलं. त्यांनी दोन्ही आकडे परत एकदा विचारले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "छान. फार छान काम केलंस." आणि झाडांना पाणी घालायला गेले.

बाहेर पाऊस पडत होता. आई म्हणाली, यांचं काहीतरीच.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आलेख काढले. निळा ओला, तांबडा कोरडा. इतके देखणे दिसतायत की भिंतीवर लावावेत. मुकुल म्हणतो, पत्रिकेवर छापू. कसल्या पत्रिकेवर, ते विचारलं नाही. मुद्दाम नाही विचारलं!

३० ऑगस्ट, शनिवार

अप्पा जेवताना बोलत नाहीत. आई म्हणाली, चप्पल गेली म्हणून असेल, आवडती होती.

मी वरण वाढून घेत होते आणि हातातला डाव तसाच राहिला.

सटवाजी. "सगळ्या गावाला दिल्ता."

माझ्या आलेखातली ती तांबडी रेघ म्हणजे अप्पा. नोकरीभर. माती वाळवायची, कुटायची, चाळायची, लिहायचं — जस्त पुरेसं, घालायला नको. आणि मी त्यांच्या तोंडात फेडा कोंबून सांगितलं, खोटं बोलते!

इतकी कशी मी गाढव? ते पाण्यात हात घालून उभे होते तेव्हाच त्यांना कळलं होतं. मला वाटलं चप्पल.

१ सप्टेंबर, सोमवार

स्लाइडवरनं कोरडीचा रकाना काढून टाकला. फक्त ओली दाखवीन. ओल्या मातीत जस्त कमी, एवढं पुरे. सर ओरडतील, कमिटी विचारेल, विषय गेला तर जाऊ दे. माझ्या अप्पांना भर सभेत खोटं पाडायला नको मला.

लॅपटॉपशी बसले होते. अप्पा चहा घेऊन आले. आमच्याकडे अप्पा चहा करत नाहीत. साखर विसरले होते.

"ही जागा रिकामी का?"

"कोरडीची गरज नाही वाटत, अप्पा."

"कोरडीशिवाय ओलीला अर्थ काय?" बसले शेजारी. "दीपू, मोजलंय ते दाखवायचं. दुसरं काय शिकवलंय मी तुला?"

मी रडायला लागले. म्हटलं, अप्पा, मला कळलंच नाही हो. मी किती उड्या मारल्या तुमच्यासमोर.

"मारायच्याच की! मी मारल्या असत्या, गुडघे असते तर." मग चहा माझ्याकडे सरकवला. "पद्धत चूक नव्हती गं. ज्वारीला, कापसाला बरोबर होती. भाताला लागू नव्हती. आम्ही कुणी शेतात उतरूनच बघितलं नाही." रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "खाली बारीक अक्षरात नाव घाल माझं. कोरडे नमुने तयार केले रामचंद्र यांनी. चांगले केलेत मी ते."

घातलं नाव. बारीक नाही, मोठ्या अक्षरात!

म्हणाले, "पहिल्या रांगेत बसतो." मी म्हटलं, नवी चप्पल घालून या. हसले! दोन दिवसांनी हसले!

३ सप्टेंबर, बुधवार

उद्या! आईनं साडी काढून दिली, तिच्या लग्नातली. मुकुल म्हणतो, आधी साडी दाखव, मग स्लाइड. अप्पा लवकर झोपले. चांगलंय, ताजेतवाने येतील.

४ सप्टेंबर, गुरुवार

झालं! कमिटीनं तांबडी-निळी रेघ बघितली, सर उठून उभे राहिले, विषय पुढे गेला! पण पहिल्या रांगेतली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी. अप्पा आलेच नाहीत. आईला फोन केला तर म्हणे, "पहाटे तू उठायच्या आधीच गेले की, मला वाटलं तुझ्या डिपार्टमेंटलाच." जिन्यात बसून रडले, राग राग आला. आवरलं नसेल त्यांना ते भर सभेत बघणं, मग येतो कशाला म्हणायचं?

तेवढ्यात सटवाजींचा फोन. "अक्का, साहेब पहिल्या बसनं आलेत. घरोघर फिरायलेत. म्हणतात, मी दिलेला रिपोर्ट फाडा, भाताला जस्त घाला, आत्ता फवारलं तर अजून लागू पडतंय. जेवायला बसा म्हटलं तर बसेनात. वरची गल्ली राहिली म्हणतात."